रात्रभराच्या कथेसाठी संगणक

धातूच्या थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा आणि त्यात उभी रोवलेली बारीक काडी. कथेकरी त्या काडीवरून चिमूट वरून खाली ओढत राहतो आणि थाळी घुमू लागते. त्या न तुटणाऱ्या घुमण्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा उलगडत जाते. काही गाऊन, काही सांगून. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात आणि सीमेपलीकडे गुजरातमधल्या डांगात कोकणा समाजातली ही थाळकथा रात्र सरेपर्यंत चालते. थाळीचा आवाज इतका बारीक, की दारात कुणी चप्पल घासली तरी तो झाकला जातो.

याच तालुक्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो आणि तेव्हा पावरी वाजते. बोहाड्याला मुखवटे नाचतात आणि संबळ कडाडतो. भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचा तारपा दम न तोडता वाजवला जातो, त्यामुळे त्याच्या सुरात मध्ये कुठे फट सापडत नाही. एकीकडे ऐकू येईल न येईल असा नाद, दुसरीकडे छातीवर आदळणारा ठोका, आणि दोन्हींचा कार्यक्रम तासातासांचा. हे सगळं घरच्या संगणकावर नीट मुद्रित करायचं, असं सुरगाण्यातल्या एखाद्या तरुणानं ठरवलं तर तो वणी-दिंडोरीमार्गे नाशिक गाठतो, आणि दुकानात पहिला प्रश्न येतो: गेमिंगसाठी हवा की ऑफिसकामासाठी?

आवाजाच्या कामाचा संगणक या दोन्ही खान्यांत बसत नाही. गेमिंगच्या यंत्रात सगळा पैसा ग्राफिक कार्डात जातो आणि पंखे गरगरतात. ऑफिसच्या यंत्रात वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसपासून मदरबोर्डपर्यंत सगळीकडे काटकसर असते. मुद्रणाच्या संगणकाकडून तीनच अपेक्षा असतात: वेळ चुकवू नये, स्वतः आवाज करू नये आणि रात्रभर बंद पडू नये. वेग त्यानंतर. म्हणूनच असा पीसी असेंबल करून घ्यावा लागतो, आणि सुटे भाग निवडताना सुरुवात प्रोसेसरपासून नव्हे, माइकपासून करावी लागते.

आधी माइक मोजा

एका वेळी किती माइक लागणार, या एका आकड्यावर बाकीची यादी उभी राहते. थाळकथेला तीन-चार पुरतात: एक थाळीजवळ, एक कथेकऱ्यासमोर, एक साथीदारासाठी आणि हवा असल्यास खोलीचा एकूण आवाज घेणारा चौथा. बोहाड्याचा ताफा किंवा पूर्ण बँड असेल तर आठ.

माइक संगणकाला जोडणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. मदरबोर्डवरचं साउंड कार्ड या कामाचं नाही. त्याला ना व्यावसायिक माइकची जोडणी असते, ना कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट. चार माइकसाठी बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी, आठसाठी त्याच कंपनीचा यूएमसी१८२० किंवा फोकसराइटचा स्कार्लेट १८आय२० अशी नावं बाजारात नेहमी ऐकू येतात. शेवटच्या दोघांना ऑप्टिकल जोडणी असते, त्यामुळे पुढे माइक वाढले तर इंटरफेस बदलावा लागत नाही. आठ माइकची आणखी एक पेटी जोडता येते.

माइकची निवडही वाद्यावरच ठरते. प्रत्येक कंडेन्सर माइकला स्वतःची एक सूक्ष्म सळसळ असते. रोडचा एनटी१-ए हा माइक लोकप्रिय झाला तो ही सळसळ जेमतेम ५ डेसिबल असल्यामुळे, आणि थाळीसारख्या बारीक नादाला असाच माइक हवा. संबळाला तो वापरणं म्हणजे नाजूक वस्तू ठोक्याखाली धरणं. तिथे १९६५ पासून बाजारात असलेला शुअरचा एसएम५७ किंवा त्याच धाटणीचा डायनॅमिक माइक बरा. त्याला ४८ व्होल्टही लागत नाहीत आणि पावसाळी दमटपणाही तो सोसतो. दमट हवेत कंडेन्सर माइक कधीकधी तडतडायला लागतो, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत आहे.

आता हिशेब. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही आजची सर्वसाधारण पातळी. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए जतनासाठी किमान हीच पातळी सांगते. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटांत कागदोपत्री १४४. म्हणजे संबळाचे ठोके उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवले, तरी बारीक आवाज तळाच्या खरखरीत बुडत नाही. या पातळीवर एका माइकचा डेटा सेकंदाला १,४४,००० बाइट होतो. आठ माइक धरले तरी तो सेकंदाला ९.२ मेगाबिट भरतो. यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिटांची. तेव्हा ‘यूएसबी ३ चाच घ्या, थंडरबोल्टच घ्या’ हा आग्रह या कामापुरता तरी फोल ठरतो.

वेळेचं गणित

संगणक आवाज सलग घेत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने मोजतो आणि त्यांचे छोटे गठ्ठे करून पुढे पाठवतो. गठ्ठ्याच्या या आकाराला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आलेला गठ्ठा उचलून, प्रक्रिया करून, पुढच्याला जागा मोकळी करायची. मग पुन्हा तेच, रात्रभर.

पंगतीत पान रिकामं व्हायच्या आत वाढपी पोचला पाहिजे. आचारी कितीही तरबेज असला तरी वाढपी वाटेत गप्पा मारत उभा राहिला तर पान रिकामंच राहतं. संगणकात हा गप्पा मारणारा वाढपी बहुतेक वेळा वाय-फायचा किंवा ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर असतो. तो काही मिलिसेकंद प्रोसेसरला अडवून धरतो आणि मुद्रणात ‘टक्’ असा आवाज उमटतो, किंवा बारीकशी फट पडते. बोलण्यात ती खपून जाईल. तारप्याच्या अखंड सुरात ती लगेच टोचते.

यावर महागडा प्रोसेसर हा उपाय नव्हे. लॅटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी दाखवतं. मुद्रण चालू असताना वाय-फाय बंद, विंडोजचे अपडेट थांबवलेले, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर आणि यूएसबी पोर्ट झोपी घालणारी सोय बंद: एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर वापरणंही गरजेचं. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजच्या आवाजाच्या नेहमीच्या रांगेला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलते.

बफर लहान ठेवायची गरज केव्हा? गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज संगणकातून परत ऐकू द्यायचा असेल, तेव्हा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १०२४ नमुन्यांच्या बफरचे २१ मिलिसेकंद हे सात मीटर लांबून ऐकल्यासारखे. जाता-येता ते दुप्पट झाले की ताल सांभाळणं अवघड होतं. पण थाळकथेचा कथेकरी हेडफोन लावून बसत नाही. तिथे बफर खुशाल १०२४ वर ठेवावा. संगणकाला श्वास घ्यायला जागा मिळते आणि ‘टक्’ची भीती जवळजवळ संपते.

प्रोसेसर, रॅम आणि न घ्यायचं ग्राफिक कार्ड

एका ट्रॅकवर एकापाठोपाठ एक लावलेले इफेक्ट साधारणपणे एकाच कोअरवर चालतात, कारण पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. म्हणून कोअरची संख्या मोजण्यापेक्षा प्रत्येक कोअर किती चपळ आहे ते पाहायचं. २०२२ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा कोअर आय५-१२४०० या हिशेबात चांगला बसतो: सहा कोअर, सगळे एकाच जातीचे, मूळ वीजखप ६५ वॉट. एएमडीकडे २०२१ चा रायझन ५ ५६००जी किंवा २०२३ चा रायझन ५ ७६०० हे त्याच पंक्तीतले. आठ ट्रॅकचं मुद्रण आणि नंतर वीस-तीस ट्रॅकचं मिक्सिंग या प्रोसेसरांपैकी कुणालाही जड जात नाही.

या सगळ्यांत चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे, आणि हा मुद्दा दुकानात नीट तपासायचा. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ अक्षर असलं तर ती सोय नसते. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यासोबत ग्राफिक कार्ड घ्यावं लागतं. म्हणजे आणखी एक पंखा, आणखी उष्णता आणि आणखी एक गप्पिष्ट ड्रायव्हर. साध्या एफविना प्रोसेसरने तिन्ही टळतात.

वरच्या टोकाचे प्रोसेसर इथे उलट नडतात. कोअर आय९-१४९००के पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो. ती सगळी उष्णता कॅबिनेटबाहेर काढायला पंख्यांना जोरात फिरावं लागतं आणि त्यांचा घोंघाट माइकपर्यंत पोचतो.

रॅमच्या बाबतीत कामाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. निव्वळ मुद्रणाला १६ जीबी भरपूर, तीही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाटांनी डेटा जातो. पण नाशिक, धुळे, नंदुरबारच्या पट्ट्यात आदिवासी बँडची गाणी आज कीबोर्डवर, वाद्यांचे आधीच मुद्रित केलेले नमुना-ध्वनी वापरून घडतात. असे नमुना-संग्रह सुरू झाले की रॅम झपाट्याने भरते आणि ३२ जीबीचा विचार करावा लागतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी खेचली आणि जगभर रॅमचे भाव चढले. म्हणून आज १६ घ्यावी आणि मदरबोर्डवर चार स्लॉट आहेत ना ते पाहावं. दोन स्लॉट उद्यासाठी मोकळे राहतात.

मदरबोर्डमध्ये आणखी दोनच गोष्टी बघायच्या. एसएसडीसाठी एम.२ चे किमान दोन स्लॉट, आणि मागच्या बाजूला पुरेसे यूएसबी पोर्ट. इंटरफेस नेहमी मागच्याच पोर्टला लावावा. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आत एका सैलसर वायरीने जोडलेले असतात आणि हबमध्ये इतर उपकरणं वाटेकरी होतात. आठ तासांच्या कामात तेवढी ढिलाई परवडत नाही.

चार जीबीची भिंत

एका माइकचा तासाचा डेटा ५१८ एमबी. आठ माइकवर आठ तास मुद्रण केलं तर सुमारे ३३ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर अशा तीस रात्री मावतात. लिहिण्याचा वेग सेकंदाला सव्वा एमबीच्या आत. साधी हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. तरी एसएसडी घ्यायची ती वेगासाठी नव्हे, तर तिच्यात काहीच फिरत नाही म्हणून. हार्ड डिस्कची किरकिर शांत खोलीत ऐकू येते. ५०० जीबीची एक एसएसडी विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, १ किंवा २ टीबीची दुसरी मुद्रणासाठी, अशी वाटणी सोयीची. सेकंदाला ७,००० एमबीची जाहिरात करणारी चौथ्या पिढीची एनव्हीएमई इथे तिच्या क्षमतेच्या हजाराव्या हिश्श्यावरही पोचत नाही. म्हणून स्वस्त पण नावाजलेल्या कंपनीची आणि लांब वॉरंटीची घ्यावी.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी दबा धरून बसते. नेहमीच्या वेव्ह फाइलमध्ये फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचा रकाना असतो, त्यामुळे ती ४ जीबीपुढे वाढू शकत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन चॅनेलची एकच फाइल केली तर ती ४ तास ८ मिनिटांनी या भिंतीवर आदळते. ९६ किलोहर्ट्झवर तर २ तास ४ मिनिटांनी. रात्री नऊला सुरू झालेली थाळकथा म्हणजे एकच्या सुमारास, कथा ऐन भरात असताना, फाइल बिघडण्याची शक्यता. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हलाही हीच ४ जीबीची मर्यादा आहे.

यावरचे उपाय फुकटचे आहेत. बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायची. सॉफ्टवेअरमध्ये फाइल मोठी झाली की आपोआप आरएफ६४ किंवा वेव्ह६४ प्रकारात जाण्याचं सेटिंग निवडायचं. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ते आहे. रीपरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आणि चाचणीचा काळ ६० दिवसांचा. लिनक्सवर काम करायचं असेल तर आर्डर आहे, आणि साध्या दोन ट्रॅकच्या कामाला मोफत ऑडॅसिटी.

खोलीतला आवाज

मोठा पंखा हळू फिरला तर लहान पंख्याइतकीच हवा कमी आवाजात हलवतो. म्हणून प्रोसेसरवर १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उंच कूलर आणि कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरचे दोन पंखे, इतकं पुरतं. नॉक्टुआच्या एनएफ-ए१२एक्स२५ या पंख्याची कंपनीने दिलेली पातळी पूर्ण २,००० फेऱ्यांवर २२.६ डेसिबल आहे. निम्म्या वेगावर तो ऐकू येणं कठीण. एवढा महाग पंखा परवडत नसेल तर साधा चांगला पंखा घेऊन बायोसमधून त्याचा वेग उतरवावा. वैशाखात पंखे आपोआप जोर धरतात, म्हणून कूलर गरजेपेक्षा एक माप मोठा घेणं फायद्याचं. कॅबिनेटला धूळ अडवणारी, काढून धुता येणारी जाळी हवी. काच आणि रंगीत दिवे नसले तरी चालतं.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस मात्र घेऊ नये. हा संगणक मुद्रणाच्या वेळी १०० वॉटच्या आतच वीज घेतो, तेव्हा ४५० ते ५५० वॉटचा आणि ८० प्लस गोल्ड दर्जाचा एसएमपीएस पुरेसा होतो. या दर्जाच्या बऱ्याच एसएमपीएसचा पंखा कमी भारावर फिरतच नाही.

यापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. संगणक शेजारच्या खोलीत ठेवून माइकच्या तारा दाराखालून आणल्या तर पंख्याचा प्रश्नच उरत नाही. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे चालत नाही, पण माइकची तीन तारांची एक्सएलआर केबल २०-३० मीटर सहज जाते. तिच्यातल्या दोन तारांवर आवाज उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेली गुणगुण शेवटी एकमेकीला छेदून नाहीशी होते. म्हणजे लांब करायची ती माइकची केबल. इंटरफेसनं संगणकाजवळच राहावं.

खोलीसाठी फोम विकत आणण्यापूर्वी घरच्या गोधड्या दोरीवर टांगून बघाव्यात. जाड गोधडी भिंतीपासून वीतभर पुढे टांगली की मधल्या आणि वरच्या पट्टीतला प्रतिध्वनी चांगला शोषते. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसावर मात्र इलाज नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा हा डोंगराळ तालुका धो-धो पावसाचा. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली किंवा कौलाखाली मुद्रणाचा बेत न आखलेलाच बरा.

लाइट गेली तर

१९४८ पर्यंत छोटं संस्थान असलेला सुरगाण्याचा हा भाग आजही जिल्ह्याच्या टोकाला आहे. २०२२ च्या अखेरीस तालुक्यातल्या काही सीमावर्ती गावांनी रस्ते, पाणी, वीज आणि आरोग्याच्या सोयी नसल्याचं सांगत गुजरातमध्ये जाण्याची भाषा केली, तेव्हा सुरगाणा राज्यभरच्या बातम्यांत आला. जिथे लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तिथे यूपीएस हा भाग प्रोसेसरच्या आधी यादीत लिहावा.

६०० व्हीएच्या नेहमीच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास. संगणक, मॉनिटर आणि इंटरफेस मिळून १०० वॉटचा भार धरला तर प्रत्यक्षात फार तर वीसेक मिनिटं मिळतात. फाइल जतन करून संगणक नीट बंद करायला ती पुरतात, कथा पुरी करायला नाहीत. रात्रभराच्या कामाला मोठ्या बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर लागतो, आणि तो घेताना साइन वेव्हचाच. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट स्पीकरमध्ये भुणभुण आणते आणि चांगल्या एसएमपीएसशी तिचं जमत नाही.

दुसरा मुद्दा अर्थिंगचा. रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘घूं’ असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर बहुधा घराच्या अर्थिंगमध्ये खोट असते, किंवा दोन उपकरणं दोन वेगळ्या बोर्डांवरून वीज घेत असतात. सगळं एकाच बोर्डवरून घेतलं की बऱ्याचदा तो थांबतो. प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने घूं थांबते खरी, पण लोखंडी माइक-स्टँडला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो.

लाइट जाण्याच्या एका बाबतीत लॅपटॉप सरस ठरतो, कारण बॅटरी त्याच्या पोटातच असते. २०२४ चा मॅक मिनीसुद्धा छोटा, शांत आणि कमी विजेवर चालणारा आहे. पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही. असेंबल पीसीचा एसएमपीएस गेला तर नाशिकहून दुसरा आणून संध्याकाळपर्यंत काम सुरू होतं.

पैसे देण्याआधीची रात्र

भाग जोडून झाले, विंडोज टाकलं, की खरी परीक्षा घ्यावी. इंटरफेस जोडून सगळे चॅनेल चालू करावेत, त्यांतले दोन एकाच फाइलमध्ये घ्यावेत आणि आठ तास मुद्रण लावून द्यावं. त्याच वेळी लॅटन्सीमॉन चालू ठेवावं. सकाळी ती फाइल ४ जीबीच्या पुढे गेली का, ती उघडते का, मध्ये कुठे फट पडली का, हे पाहावं. मग मेन स्विच बंद करून यूपीएसवर काम चालू राहतं का तेही तपासावं. चांगला दुकानदार एवढ्या चाचणीला नाही म्हणत नाही. भाग बदलून घ्यायचा तर तो याच दिवसांत.

अंगणातल्या किंवा डोंगरावरच्या कार्यक्रमाला मात्र हा संगणक न्यायचाच नाही. तिथे बॅटरीवर चालणारा हातातला रेकॉर्डर बरा. २०२२ चा झूम एफ३ ३२ बिट फ्लोटमध्ये मुद्रण करतो, त्यामुळे संबळ अचानक कडाडला तरी रेकॉर्डरच्या आकड्यांत आवाज फाटत नाही. पातळी नंतर घरी जुळवता येते. ऐकणं, काटछाट, खरखर कमी करणं आणि प्रती काढणं ही कामं घरच्या संगणकाची.

प्रती काढण्याचं महत्त्व महाराष्ट्राला नवं नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या हजारो ओव्या १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी डॅट या डिजिटल टेपवर मुद्रित केल्या. हेच बेल १९८० च्या दशकात तबल्याच्या बोलांचं व्याकरण मांडणारं ‘बोल प्रोसेसर’ हे सॉफ्टवेअर अॅपलच्या छोट्या संगणकावर लिहीत होते. सोनीने १९८७ मध्ये आणलेलं डॅट त्या काळी उत्तम मानलं जाई; २००५ मध्ये त्याच सोनीने डॅट यंत्रं बनवणं थांबवलं. ओव्या तरल्या, कारण त्या टेपवरून संगणकात उतरवल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत-संग्रहालय १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालं तेही याच कामासाठी: अभ्यासकांनी मुद्रित केलेलं संगीत परदेशी कपाटांत अडकू नये, त्याची एक प्रत इथे राहावी.

थाळकथेच्या बाबतीतही तीन प्रती लागतात. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी प्रत काढण्यापुरतीच जोडायची, आणि एक दुसऱ्या घरात, शक्यतो कथेकऱ्याच्याच घरात. फाइल बीडब्ल्यूएफ प्रकारची ठेवली तर तिच्यात तारीख, वेळ आणि वर्णन कायमचं नोंदवता येतं. मात्र वर्णनाच्या रकान्यात २५६ अक्षरंच मावतात, आणि तीही रोमन लिपीतली. म्हणून कथेकऱ्याचं आणि साथीदाराचं नाव, गाव, कथा कोणती, कोणत्या प्रसंगी सांगितली आणि ती कुणाकुणाला ऐकवायला त्यांची परवानगी आहे, हे सगळं देवनागरीत, फाइलच्याच नावाच्या वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहावं आणि प्रत्येक प्रतीसोबत तीही कॉपी करावी.